सायकल शिकविणारे लक्ष्मणराव

वैशाख लागला, की राहुरीच्या परिसरातील काळी जमीन तापून भेगाळू लागते. दुपारी नगर-मनमाड रस्त्यावर डोळे दिपवील असे ऊन पडते आणि गुरेसुद्धा बाभळीची सावली सोडून हलत नाहीत. शाळांना सुटी लागलेली असते. आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडील मुले सायकल शिकतात! वर्षभर शाळा, अभ्यास आणि परीक्षा. मग सायकल शिकण्यास उन्हाळ्याची सुटी नाही तर दुसरा कोणता काळ मिळणार? भल्या पहाटे, दिवस वर येण्याच्या आत, गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर एखादा मोठा भाऊ सायकलची सीट मागून धरून धावत असतो आणि लहानगा हँडल घट्ट आवळून, जीव मुठीत धरून पायडल मारीत असतो. थोड्या वेळाने भाऊ हळूच हात सोडतो. लहानग्याला ते ठाऊक नसते, म्हणून तो वीस-पंचवीस हात सरळ जातो. मागे वळून पाहतो आणि पडतो.

या शिकवणीला आज कोणी पैसे देत नाही. परंतु मुलांनो, आपल्याच देशात एक काळ असा होता, की प्रतिष्ठित वयस्क गृहस्थ सायकल शिकण्यासाठी पंधरा रुपये मोजीत. एक तोळा सोने तीस रुपयांच्या आत मिळत होते, त्या काळातील हे पंधरा रुपये होत. ही शिकवणी देणारे दुकान बेळगावात होते आणि ते चालविणाऱ्या दोघां भावांपैकी धाकट्याचे नाव होते लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या खेड्यात झाला. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे याच गावचे व याच घराण्यातील. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार होते. मुलाने चांगले शिकावे आणि मानाची नोकरी धरावी, ही त्या काळच्या कोणत्याही पित्याची इच्छा त्यांचीही होती. परंतु लक्ष्मणाचे मन पाठांतरात रमत नसे. त्याला दोनच गोष्टींचे वेड होते. एक चित्रे काढणे आणि दुसरे यंत्रे पाहणे. अशा मुलाचे पुढे काय होणार, ही चिंता घरात होतीच. तेव्हा थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांनी त्याची बाजू घेतली आणि १८८५ साली लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या कलाशाळेत दाखल झाला.

तेथे दोन वर्षे चांगली गेली. रेखाटनात त्याचा हात चांगलाच चाले. पण पुढे रंगकाम करण्याची वेळ आली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. काही रंगांतील भेद लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना दिसतच नव्हता! यास रंगांधत्व म्हणतात. हा दोष जन्मतः असतो आणि त्यावर औषध नाही. चित्रकार होण्यासाठी घर सोडून आलेल्या अठरा वर्षांच्या तरुणाला हे कळल्यावर काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा. लक्ष्मणरावांनी कुंचला खाली ठेवला, पण पेन्सिल खाली ठेवली नाही. यंत्रांची चित्रे काढण्यास रंग लागत नाहीत; रेषा, मापे आणि कोन एवढेच लागतात. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि त्यानंतर मुंबईतीलच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या नव्या संस्थेत त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले. तेथील कार्यशाळेत लेथ, वाफेचे इंजिन, ओतकाम असे सारे काही होते. शिकविण्याचे तास संपले, की हा शिक्षक कार्यशाळेत जाऊन स्वतः विद्यार्थी होई. यंत्रे खोलून पाहणे, पुन्हा जोडणे आणि हात काळे करून घेणे यांत त्यांना कमीपणा वाटत नसे.

याच सुमारास मुंबईत एके दिवशी त्यांनी एका पारशी गृहस्थास दोन चाकांच्या वाहनावर बसून जाताना पाहिले. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण त्या काळी सायकलच मुळी नवी होती. पूर्वीच्या सायकलीचे पुढचे चाक पुरुषभर उंच असे आणि मागचे अगदी लहान. तीवरून पडणे म्हणजे माळ्यावरून पडण्यासारखे होते. दोन्ही चाके सारखी असलेली व साखळीने मागचे चाक फिरविणारी सुरक्षित सायकल इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली तयार केली. हवा भरलेली रबरी धाव डनलॉप याने १८८८ साली काढली. तोवर टायर भरीव रबराचे असत आणि प्रत्येक खड्डा स्वाराच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोचे.

लक्ष्मणरावांनी एक सायकल मिळविली, ती चालविण्यास ते शिकले आणि तिचा प्रत्येक भाग त्यांनी समजून घेतला. मग त्यांच्या मनात विचार आला, की ही वस्तू बेळगावात का विकू नये? १८८८ साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने बेळगावात दुकान निघाले. प्रारंभी मुंबईहून माल पाठविण्याचे काम लक्ष्मणराव करीत आणि बेळगावात तो विकण्याचे काम रामूअण्णा पाहत. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये होती. एवढ्या पैशात त्या वेळी खेड्यात चांगले घर उभे राहिले असते. ती घेणार कोण, तर वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी किंवा जहागीरदार. आणि अशा माणसाने जन्मात कधी सायकलीला हात लावलेला नसे! भर रस्त्यात, लोकांच्या देखत, पगडी आणि उपरण्यासह धुळीत लोळण्याची भीती त्यास वाटे. म्हणून सायकल विकायची तर ती शिकवावीही लागे. किर्लोस्करांच्या दुकानाने हे काम अंगावर घेतले. शिकवणीचे पंधरा रुपये वेगळे.

सायकल शिकविणे हे दिसते तितके सोपे नाही. मी शाळेत असताना अनेक मुलांना सायकल शिकविली आहे, म्हणून सांगतो. शिकणारा डावीकडे कलू लागला, की तो घाबरून हँडल उजवीकडे फिरवितो आणि हटकून पडतो. वास्तविक ज्या बाजूला तोल जातो, त्याच बाजूला हँडल किंचित वळवावयाचे असते. म्हणजे चाके अंगाखाली येतात आणि सायकल सावरते. हे फळ्यावर आकृती काढून पटविता येते, परंतु अंगात येते ते मैदानावरच. शिवाय सायकल हळू चालविली तर जास्त डगमगते आणि थोडा वेग घेतला तर स्थिर राहते. भ्यालेल्या माणसास नेमके वेग घे म्हणून सांगावे लागते. शिकविणाऱ्याचे खरे कसब आहे ते येथे. समोरच्याचा विश्वास बसेपर्यंत त्याच्या बरोबरीने धावावे लागते.

बेळगावची हवा तशी थंड. आपल्या राहुरीकडे मात्र शिकणाऱ्याला आणखी एका गोष्टीची तालीम करावी लागते, ती म्हणजे उन्हाची. याविषयी थोडे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. मी तेव्हा तुमच्याएवढाच होतो. तासाच्या भाड्याने आणलेली सायकल, खिशातले पैसे संपेपर्यंत ती सोडावयाची नाही असा निश्चय आणि वेळ भर दुपारची. शिवाय तो सुटीचा पहिलाच दिवस. सायकलवर असेतो वाऱ्याने घाम वाळत होता, म्हणून ऊन जाणवलेच नाही. उतरलो आणि अंगाला घामाच्या धारा लागल्या, कपाळ ठणकू लागले, पोटात ढवळले आणि मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली आडवा झालो. एका म्हातारीने माझ्या डोक्यावर पाणी ओतले आणि पदराने वारा घातला. तिचे नावही मी विचारले नाही, याची खंत अजून वाटते.

असे का होते, हे आता शास्त्राने चांगले उलगडले आहे. आपण पायडल मारतो तेव्हा स्नायूंनी खर्चिलेल्या शक्तीपैकी जेमतेम चौथा भाग चाक फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्या साऱ्या शक्तीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य उपाय घाम हा होय. घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. ज्या शरीरास उन्हात श्रम करण्याची सवय नाही, त्याला उशिरा घाम सुटतो, घामावाटे मीठ फार जाते आणि हृदय धडधडते. पण तेच शरीर रोज थोडे थोडे उन्हात राबविले, तर दहा ते चौदा दिवसांत बदलते. घाम लवकर व भरपूर सुटू लागतो, त्यातील मीठ कमी होते आणि त्याच श्रमाला हृदय कमी वेळा ठोके देते. म्हणून शेतात राबणारा मनुष्य उन्हात दिवसभर काम करू शकतो आणि सुटीत शहरातून आलेला त्याचाच भाचा तासाभरात बसकण मारतो. भाचा दुबळा नसतो. त्याच्या अंगाची तालीम झालेली नसते, इतकेच. ही सवय सुटली, तर काही आठवड्यांत नाहीशीही होते.

तेव्हा उन्हाळ्यात सायकल शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे करावा आणि तोही सकाळी. रोज थोडा थोडा वेळ वाढवावा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे; घरी आल्यावर मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे घ्यावे. डोक्यास टोपी किंवा उपरणे असावे आणि कपडे सुती व सैल असावेत. डोके दुखू लागले, गरगरले किंवा मळमळले, तर मर्दुमकी न दाखविता सावलीत थांबावे आणि अंगावर पाणी घ्यावे. कोणी असंबद्ध बोलू लागला अथवा बेशुद्ध पडला, तर त्याचे अंग भिजवीत, वारा घालीत त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. दुपारी बारा ते चार या वेळात मात्र सायकल घरी भिंतीला टेकलेली बरी.

आता बेळगावकडे वळू. दुकान चालू लागले होते, पण लक्ष्मणराव अजून मुंबईत शिक्षकच होते. पुढे संस्थेत वरची जागा रिकामी झाली. काम पाहता ती त्यांना मिळावयास हवी होती. परंतु ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. त्या काळी असे नेहमीच होई आणि बहुतेक लोक मान खाली घालून नोकरी करीत राहत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. बांधलेला पगार सोडून, पत्नी राधाबाईंसह ते बेळगावास आले आणि पूर्ण वेळ दुकानात काम करू लागले.

दुसऱ्याने बनविलेली वस्तू विकण्यात त्यांचे समाधान होईना. आपण स्वतः काही घडवावे, हा ध्यास होता. लहान लेथ व एक-दोन यंत्रे घेऊन त्यांनी कार्यशाळा थाटली आणि कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. मग त्यांचे लक्ष नांगराकडे गेले. आपला लाकडी नांगर जमीन खरवडतो. माती उलथीत नाही. हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल असतात, ती तशीच राहतात. विलायती लोखंडी नांगर माती पालथी करीत असे. असाच नांगर आपल्या बैलांना ओढता येईल आणि आपल्या शेतकऱ्यास परवडेल अशा किमतीत येथेच करावा, असे त्यांनी ठरविले. १९०३ साली नांगर तयार झाला.

पण तो घेईल कोण? लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. नांगर विकला जाईना. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत कारखान्याचा खर्च थांबला नव्हता आणि कर्ज देणारा सावकारही थांबत नव्हता. शेतकऱ्यांना अडाणी म्हणून हिणविणारे लोक तेव्हाही पुष्कळ होते. मला मात्र वाटते, की शेतकऱ्याचे भय अगदीच पोरकट नव्हते. सायकलवरून पडले तर गुडघा फुटतो. परंतु नव्या नांगराने एक हंगाम बुडाला तर कुटुंब उपाशी राहते. अशा माणसाला जाहिरात वाचून नांगर पटत नाही. त्यास तो शेतात चालताना दिसावा लागतो, उलथलेली माती हातात घेऊन पाहावी लागते आणि शेजाऱ्याचे पीक कसे आले, ते पुढच्या दिवाळीपर्यंत पाहावे लागते. लक्ष्मणरावांनी फाळाचे लोखंड सुधारले, नांगराचे दोष काढून टाकले आणि धीर धरला. हळूहळू मागणी येऊ लागली.

मागणी वाढत असतानाच नवे संकट उभे राहिले. बेळगावच्या नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेस जागा हवी होती आणि तीत लक्ष्मणरावांचा कारखाना सापडला. कारखाना हलविणे भाग पडले. यंत्रे न्यावीत कोठे? अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या साहाय्यास धावले. हे स्वतः चित्रकार, व्यायामाचे भोक्ते आणि गुणी माणसांचे चाहते होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले.

जमीन मिळाली खरी, पण कशी? फड्या निवडुंगाचे रान, त्यात साप आणि विंचू, झाड म्हणावे तर कोठे औषधाला नाही. १९१० सालच्या मार्च महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडी, येथे वस्ती सुरू झाली. बेळगावच्या थंड हवेत वाढलेली माणसे या उघड्या माळावर आली. निवडुंग तोडावयाचा, वाटा काढावयाच्या, पाणी आणावयाचे, छपरे उभारावयाची आणि त्याच वेळी यंत्रे बसवून नांगर ओतावयाचे. ओतशाळेतील भट्टीची धग आत आणि वैशाखाचे ऊन बाहेर! रामूअण्णांनी वस्तीची व्यवस्था हाती घेतली, तर शंभूअण्णा जांभेकर यांच्यासारखे कुशल सहकारी यंत्रांपाशी उभे राहिले. तुरुंगवास भोगून आलेल्या आणि ज्यांना गावात कोणी दाराशी उभे करीत नसे, अशा माणसांवर लक्ष्मणरावांनी रखवालीचे काम विश्वासाने सोपविले. काही वर्षांत त्या माळावर कारखाना, घरे, शाळा आणि झाडे दिसू लागली. हीच किर्लोस्करवाडी. पुढे कुंडल रोड स्टेशनचे नावही बदलून किर्लोस्करवाडी असे झाले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी लोखंड व कोळसा मिळेनासा झाला. नांगराला मागणी होती, पण ओतावयास लोखंड नव्हते. तोही काळ त्यांनी काढला. पुढे उसाचे लोखंडी चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप निघू लागले. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू झाले. तेच पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी वाचकांच्या घरोघरी पोचले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून आले आणि १९४६ साली पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना निघाला. विहिरीवरील मोट जाऊन तेथे इंजिन आणि पंप आले, ते याच पिढीत. राहुरीच्या परिसरातील वृद्ध शेतकऱ्यांना विचारा. मोटेची गाणी आणि इंजिनाची फटफट ही दोन्ही त्यांच्या कानांत असतील.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. राहुरीस कृषी विद्यापीठाची स्थापना झाली, ती त्याच्या आदल्याच वर्षी. आज आपल्याकडे उन्हाळी नांगरट झाली, की उलथलेली ढेकळे महिना-दीड महिना उन्हात तापू देतात. त्या उन्हाने हरळीच्या काशा वाळतात आणि मातीतील किडींचे कोष मरतात. लोखंडाने जमीन विषारी होते, ही समजूत आज कोणाला सांगितली तर तो हसेल.

बेळगावात ज्या रस्त्यावर सायकलींचे ते दुकान होते, त्या रस्त्यास आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. तो आता गजबजलेला आहे. मोटारी आणि मोटारसायकली यांच्या गर्दीतून शाळेत जाणारी मुले सायकलीवरून वाट काढीत असतात.